घरचा रोगी व दारचा रोगी

वैद्यकाचा इतिहास आपण शाळेंत शिकतों तो बहुधा शोधांचा असतो. अमक्यानें जंतु शोधला, तमक्यानें लस काढली, आणि रोग हटला. मुलांना तो पाठ करण्यास सोपा आणि आम्हां मास्तरांना परीक्षेंत विचारण्यास त्याहून सोपा. परंतु ज्या देशांत रोगी फार, खाटा थोड्या, डॉक्टर त्याहून थोडे व पैसा सर्वांत थोडा, तेथें निराळ्याच जातीचें एक संशोधन करावें लागतें. त्यांत नवें औषध सांपडत नाहीं कीं नवें यंत्र निघत नाहीं. हातीं आहे तेवढ्या सामग्रीवर रोग ओळखावा कसा आणि बरा करावा कसा, एवढाच प्रश्न त्यांत विचारलेला असतो. अशा दोन प्रश्नांची हकीकत आज सांगावयाची आहे. दोन्ही क्षयरोगाविषयींचे, दोन्ही आपल्याच देशांत, दक्षिणेंत, विचारले गेले. आणि दोहोंचीं उत्तरें जाणत्या मंडळींच्या अपेक्षेच्या उलट आलीं.

क्षयाला आपल्या जुन्या वैद्यांनीं राजयक्ष्मा म्हटलें आहे. दक्षाच्या शापानें चंद्राला जडलेला तो हा रोग, अशी कथा आहे. नांव राजाचें खरें. पण त्याचा मुक्काम बहुधा गिरणगांवच्या चाळींत, विड्या वळणारांच्या अंधाऱ्या खोलींत. २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें या रोगाचा जंतु शास्त्रज्ञांपुढें मांडला. रोगाची ओळख पटली. इलाज मात्र पुढें साठ वर्षें सांपडला नाहीं. त्या साठ वर्षांत उपाय एकच: मोकळी हवा, विश्रांति, दूध आणि अंडीं. त्यासाठीं डोंगरावर अगर माळावर आरोग्यधामें निघालीं. आपल्याकडे ऐपतदार लोक पांचगणीस किंवा मिरजेस जाऊन महिनेच्या महिने राहत. कमला नेहरूंना प्रथम भोवालीच्या आरोग्यधामांत व नंतर युरोपांत नेण्यांत आलें. १९३६ सालीं लोझान येथें त्यांचें देहावसान झालें. ज्यांना सर्व कांहीं उपलब्ध होतें त्यांची ही गति, मग इतरांची काय पुसावी?

इतरांचा हिशेब भोर समितीनें १९४६ सालीं दिला आहे. देशांत क्षयाचे रोगी अदमासें २५ लाख, दरसाल मरणारे ५ लाख, आणि त्यांच्यासाठीं सर्व हिंदुस्थानांत मिळून खाटा सुमारे ६,०००. चौथी इयत्तेंतील मुलानेंही भागाकार करून पाहावा: एका खाटेमागें चारशेंहून अधिक रोगी. आणि खाट मिळाली तरी ती चार दिवसांत मोकळी होणारी नव्हे. एकेक रोगी तिच्यावर वर्ष वर्ष काढी. असलीं आरोग्यधामें बांधीत बांधीत या रोगाचा पाठलाग करावयाचा म्हटला असता, तर आपल्या पणतवंडांचीं पणतवंडेंही रांगेंतच उभीं राहिलीं असतीं.

मग औषधें आलीं. १९४३ सालीं अमेरिकेंत स्ट्रेप्टोमायसीन हातीं लागलें. त्याची पहिली काटेकोर परीक्षा इंग्लंडांत झाली आणि तिची कथा मोठी उद्बोधक आहे. महायुद्धानें खंगलेल्या त्या देशापाशीं डॉलर नव्हते, त्यामुळें औषध सर्वांना पुरेल इतकें आणवितां येईना. तेव्हां ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानें असें सुचविलें कीं, नाहीं तरी निम्म्यांनाच औषध मिळणार. तर कोणाला द्यावयाचें हें डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडतां बंद पाकिटांतील चिठ्ठीवर सोडावें. ५५ रोग्यांना स्ट्रेप्टोमायसीन व विश्रांति मिळाली, ५२ जणांना नुसती विश्रांति. सहा महिन्यांत पहिल्या गटांतील ४ दगावले, दुसऱ्यांतील १४. हा निकाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें कित्येक रोग्यांचे जंतु या औषधाला जुमानीनासे झाले, आणि क्षयाला एकटें औषध देऊं नये, दोन किंवा तीन मिळून द्यावींत, हा धडा मिळाला. पॅस नांवाचें दुसरें औषध तोंवर आलें होतें. १९५२ सालीं तिसरें आलें, आयसोनियाझिड. गंमत पाहा: हा पदार्थ १९१२ सालींच प्राग येथें दोघां रसायनज्ञांनीं तयार करून ठेविला होता, तो क्षयाचा काळ आहे हें कळण्यास चाळीस वर्षें लागलीं. हीं शेवटचीं दोन्ही औषधें तोंडानें घेण्याजोगीं, आणि आयसोनियाझिड तर अगदीं स्वस्त.

येथेंच आपला पहिला प्रश्न उभा राहिला. गोळ्यांनीं रोग बरा होत असेल, तर रोग्याला घराबाहेर काढण्याचें कारण काय?

कारण पुष्कळ आहे, असें तज्ज्ञांचें म्हणणें होतें. आणि तें टाकाऊ नव्हतें. गरिबाचें घर म्हणजे एक खोली. तिच्यांत सहा माणसें झोपणार, त्यांत एक खोकणारा. दूध नाहीं, अंडें नाहीं, विश्रांति तर नाहींच, कारण तो पडून राहिला तर चूल पेटत नाहीं. शिवाय अशिक्षित माणूस वर्षभर नेमानें औषध घेईल हा भरंवसा कोणीं द्यावा? तो स्वतः बरा होणार नाहीं व लेकराबाळांना रोग देऊन जाईल. या युक्तिवादांत तर्काची चूक काढणें कठीण. उणीव एवढीच कीं, तो कोणीं पडताळून पाहिलेला नव्हता.

तो पडताळून पाहण्यासाठीं १९५६ सालीं मद्रास येथें एक केंद्र निघालें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळ असे चौघे त्याचे भागीदार होते. पहिले प्रमुख डॉ. वॉलेस फॉक्स. त्यांनीं शहरांतील गरीब वस्त्यांतून, ज्यांच्या बेडक्यांत जंतु आहेत व ज्यांना पूर्वीं औषध मिळालेलें नाहीं, असे सुमारे दोनशें रोगी घेतले. चिठ्ठीप्रमाणें निम्मे आरोग्यधामांत गेले, निम्मे आपापल्या घरीं राहिले. औषध दोघांना एकच: आयसोनियाझिड व पॅस, बारा महिने. आरोग्यधामांतल्यांना खाट होती, परिचारिका होती, पुरेसें व सकस अन्न होतें. घरच्यांना तें कांहीं नव्हतें. ते औषध नेण्यास केंद्रावर येत आणि पुन्हां आपल्या त्याच खोलींत, बहुधा त्याच कामावर जात. मात्र त्यांच्यावर नजर नव्हती असें नाहीं. केंद्राचीं माणसें न कळवितां घरीं जाऊन उरलेलें औषध मोजीत, लघवी तपासून औषध खरोखर पोटांत गेलें कीं नाहीं हें पाहत. संशोधकांनीं रोग्यावर अंध विश्वास ठेविला नाहीं कीं अविश्वासही ठेविला नाहीं, मोजून पाहिलें. मला या सर्व हकीकतींत हा भाग फार आवडतो.

१९५९ सालीं निकाल जाहीर झाला. वर्षअखेर आरोग्यधामांतील रोग्यांपैकीं शेंकडा ९२ जणांचा रोग शमला होता. घरच्यांपैकीं शेंकडा ८६ जणांचा. आंकड्यांत थोडें अंतर आहे, पण ज्यांना मुळीं खाटच मिळण्याची आशा नव्हती त्यांच्या दृष्टीनें ८६ आणि ९२ यांत काय फरक? त्यांच्यापुढें निवड ८६ व शून्य यांतली होती. पुढें पांच वर्षें या रोग्यांचा मागोवा घेतला. घरीं बरे झालेल्यांचा रोग अधिक उलटला असें दिसलें नाहीं. आणि कुटुंबांतल्या माणसांचें काय? त्यांचाही हिशेब ठेविला होता. घरीं रोगी असलेल्या कुटुंबांत नवे रोगी अधिक निघाले नाहींत. त्याचें कारण असें दिलें जातें कीं, लागण व्हावयाची ती बहुतेक रोग ओळखला जाण्यापूर्वींच होऊन चुकलेली असते. औषध सुरू झाल्यावर रोग्याचा उपसर्ग झपाट्यानें उतरतो.

या एका निकालानें जगांतील आरोग्यधामांचा पाया हालला. श्रीमंत देशांतही हळूहळू त्या टोलेजंग इमारती ओस पडल्या. आईपासून मूल, नवऱ्यापासून बायको वर्ष दोन वर्षें दूर ठेवण्याचें प्रयोजन उरलें नाहीं. मद्रासच्या झोपडींत सिद्ध झालेली गोष्ट लंडनच्या नागरिकाच्या कामीं आली, हें विशेष.

आतां दुसरा प्रश्न. घरीं औषध द्यावयाचें हें ठरलें; पण कोणाला? रोगी आहे कोठें? १९५५ ते १९५८ या काळांत देशभर पाहणी झाली. तिच्यांत खेड्यांतही क्षय शहराइतकाच आहे असें आढळलें, आणि क्षय हा शहरचा रोग ही समजूत गेली. आतां पांच लाखांहून अधिक खेड्यांत विखुरलेला हा रोगी शोधावा कसा? सर्वमान्य उत्तर तयार होतें. खेडुताला रोगाची जाणीव नसते. तो आपण होऊन यावयाचा नाहीं. म्हणून क्ष-किरणांच्या मोटारी गांवोगांव फिरवून सर्वांच्या छातीचीं चित्रें घ्यावींत. पाश्चात्य देशांत तसेंच चाललें होतें. येथें रस्ता नाहीं, वीज नाहीं, मोटार बिघडली तर दुरुस्त करणारा नाहीं. तरी पण मार्ग तोच.

१९५९ सालीं बंगलोर येथें राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली होती. तेथील डॉ. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनीं एक वेगळी गोष्ट केली. तुमकूर जिल्ह्यांतील गांवांत पाहणींत जे रोगी सांपडले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनाच विचारलें. बाबा, तुला काय होतें? कधींपासून होतें? त्याची काळजी वाटते काय? त्यासाठीं काय केलेंस? मास्तरकींत हजेरीपट घेणारा माणूस गैरहजर मुलाच्या नांवापुढें टिंब देतो आणि मनांत ‘उनाड’ असें लिहून ठेवितो. घरीं जाऊन पाहावें तर मूल धाकट्या भावंडाला सांभाळीत बसलेलें असतें. असाच कांहीं प्रकार येथें उघडकीस आला.

ज्यांच्या बेडक्यांत जंतु होते अशा रोग्यांपैकीं शेंकडा सुमारे ९५ जणांना आपणांस कांहीं तरी होत आहे हें ठाऊक होतें. खोकला, ताप, छातींत दुखणें, रक्त पडणें. सारें सांगत होते. बहुतेकांना काळजी होती. आणि निम्म्याहून अधिक रोगी या लक्षणांसाठीं स्वतःच्या पायांनीं सरकारी दवाखान्यांत जाऊन आलेले होते! तेथें त्यांना काय मिळालें? खोकल्याच्या औषधाची बाटली. कोणीं त्यांचा बेडका तपासला नाहीं. रोगी दारांत उभा होता. त्याला बाटली देऊन परत पाठविलें, आणि इकडे त्याला हुडकून काढण्यासाठीं मोटारी खरेदण्याचे बेत चालले होते. १९६३ सालीं हा निबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाला. मला तो क्षयाच्या इतिहासांत कॉखच्या शोधाइतका नव्हे, पण त्याच्या खालोखाल महत्त्वाचा वाटतो. त्यानें जंतूऐवजीं दवाखान्याकडे पाहिलें.

यांतून निघालेली योजना अत्यंत साधी होती. मोटारी नकोत. तालुक्याच्या, खेड्याच्या दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक यंत्र ठेवा, आणि जो कोणी लांबलेला खोकला घेऊन येईल त्याचा बेडका पाहा. बेडका कांचेच्या पट्टीवर पसरून वाळवितात, तांबडा रंग घालून खालून ऊब देतात, मग आम्लानें धुतात. इतर सर्व पदार्थांचा तांबडा रंग निघून जातो, क्षयाचा जंतु मात्र मेणकट आवरणामुळें तो सोडीत नाहीं. वरून निळा रंग दिला कीं निळ्या शेतांत तांबड्या काड्या दिसतात. आरशाचें यंत्र असेल तर वीजही नको. खिडकींतलें ऊन पुरतें. या परीक्षेंत उणें नाहीं असें नाहीं. एका मिलिलिटर बेडक्यांत पांच ते दहा हजार जंतु असल्याशिवाय ते दृष्टीस पडण्याची खात्री नसते. लहान मुलांचा, फुप्फुसाबाहेरचा क्षय तिला बहुधा सांपडत नाहीं. अंड्याच्या पोषकावर जंतु वाढवून पाहणें अधिक अचूक, पण त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. तथापि ज्याच्यापासून इतरांना सर्वांत अधिक धोका, तोच रोगी या साध्या परीक्षेला प्रथम सांपडतो. गरीब देशाला याहून उपयुक्त गोष्ट कोणती? १९६२ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयनियंत्रण कार्यक्रमाची उभारणी याच विचारावर झाली: जिल्हा हा घटक, आणि क्षयाचें काम वेगळें न ठेवतां सामान्य दवाखान्यांतूनच.

एवढें सारें उमगलें होतें, तर रोग गेला कां नाहीं, असें आपण विचाराल. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारे चतुर्थांश आजही आपल्या देशांत आहेत. याचें उत्तर मद्रासच्या प्रयोगांतच दडलेलें आहे. तेथें घरीं औषध घेणाऱ्या रोग्यामागें मोजणारीं, विचारणारीं माणसें होतीं. कार्यक्रमाच्या कागदावर ‘घरीं उपचार’ एवढेंच उतरलें. माणसें उतरलीं नाहींत. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढतें, आणि रोगी म्हणतो, झालें! माझ्या ओळखीच्या एका शिक्षकबंधूंनीं असेंच केलें. त्यांना औषध सोडूं नका असें सांगण्यास कोणी आलें नाहीं, आणि वर्षाच्या आंत ते पुन्हां अंथरुणाला खिळले. कित्येक ठिकाणीं रोगी यावयाचा तर औषध शिल्लक नसावयाचें. अर्धवट औषधानें जंतु मरत नाहींत, निर्ढावतात; मुंबईसारख्या शहरांत कित्येक औषधांना दाद न देणारा क्षय पुढें बोकाळला, त्याचें मूळ यांत आहे.

यावरचा तोडगाही मद्रासनेंच १९६४ पर्यंत काढून ठेविला होता: रोज औषध न देतां आठवड्यांतून दोनदां, जरा मोठ्या मात्रेंत, पण कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत द्यावें. निकाल उत्तम आला होता. पण तो आपल्या देशांत तीस वर्षें जवळजवळ कपाटांत राहिला. टांझानियांत कारेल स्टिब्लो यांनीं बेडक्याची परीक्षा, देखरेखीखालीं औषध व प्रत्येक रोग्याची शेवटपर्यंतची नोंद यांची सांगड घालून दाखविली. १९९३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें क्षय ही जगाची आणीबाणी असल्याचें जाहीर केलें. मग मद्रासची ही विद्या जिनीव्हाचा शिक्का घेऊन माघारी आली. १९९७ पासून ती मोठ्या प्रमाणावर पसरूं लागली आणि २००६ सालीं सर्व देशभर पोंचली. आपली वस्तु परदेशीं जाऊन आल्यावरच तिची किंमत कळावी, ही आपली जुनी खोड. आठवड्यांतून ठराविक दिवस औषध देण्याची ती पद्धत अखेरीस पूर्णपणें टिकली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. २०१७ पासून आपल्याकडे पुन्हां रोजच्या रोज औषध देण्यांत येतें.

मद्रासच्या निकालाचा एक भलता अर्थही काढला गेला होता. सकस अन्नावांचून रोगी बरे झाले, तेव्हां अन्नाचें महत्त्व नाहीं, असा. प्रयोगानें इतकेंच दाखविलें होतें कीं, औषध असेल तर अन्नाच्या कमतरतेनें बरें होणें फारसें अडत नाहीं. रोग होऊंच नये म्हणून अन्नाचा उपयोग किती, हा प्रश्न त्यानें विचारलाच नव्हता. तो झारखंडांत २०१९ ते २०२२ या काळांत विचारला गेला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २,८०० रोग्यांच्या घरांतील दहा हजारांवर माणसांचा मागोवा घेतला. कांहीं घरांत केवळ रोग्याला, तर कांहीं घरांत सर्वांनाच तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वें दिलीं. जेथें सर्वांना अन्न मिळालें, तेथें नव्या क्षयाचें प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनीं कमी राहिलें. घरचा रोगी हा विषय अशा रीतीनें घरच्या चुलीपर्यंत येऊन पोंचला.

दारच्या रोग्याची गोष्ट मात्र पुढें वळण घेते. २०१९ ते २०२१ मध्यें देशभर नवी पाहणी झाली. तिच्यांत क्षयाचीं लक्षणें असलेल्यांपैकीं शेंकडा ६४ माणसें कोठेंही उपचारास गेलेलीं नव्हतीं, आणि कारण विचारतां त्यांतील बहुतेकांनीं ‘दुर्लक्ष केलें’ असें सांगितलें. तुमकूरचें उत्तर खोटें ठरलें काय? तसें म्हणतां येत नाहीं. तेथें विचारलें होतें तें ज्यांच्या बेडक्यांत जंतु सांपडले त्यांना, येथें विचारलें तें लक्षण दिसेल त्या प्रत्येकाला. साध्या खोकल्यासाठीं दिवसाचा रोज बुडवून कोण दवाखाना गांठील? पण एका जिल्ह्याच्या व एका काळच्या उत्तरावर साठ वर्षें विसंबून राहतां येत नाहीं, इतकें त्यावरून खास दिसतें.

सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला आतां नवीं यंत्रें आलीं आहेत. त्यांतलें ट्रूनॅट नांवाचें एक आपल्या गोव्यांत तयार होतें. तें विजेरीवर चालतें, थंडगार खोलीची त्याला गरज लागत नाहीं, त्यामुळें प्राथमिक आरोग्यकेंद्रांतही तें ठेवितां येतें. जंतूच्या अंगांतील अनुवंशद्रव्य ओळखून तें सुमारे तासाभरांत उत्तर देतें. जंतु रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला निर्ढावला आहे कीं काय, हेंही पुढल्या तासाभरांत सांगतें. २०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्याला मान्यता दिली. मात्र त्यांत घालावयाचा बेडका घेऊन माणूस प्रथम दारापर्यंत यावा लागतो, आणि तो आल्यावर कोणीं तरी त्याच्या हातांत बाटलीऐवजीं बेडक्याची डबी द्यावी लागते.